पाळीव जलचरांना जिवंत मासे खाऊ घालणे

पाळीव जलचरांना जिवंत मासे खाऊ घालणे म्हणजे घरगुती किंवा सार्वजनिक मत्स्यटाकीत ठेवलेल्या मांसाहारी माशांना, कासवांना व इतर जलचरांना आहार म्हणून दुसरे जिवंत मासे देण्याची पद्धत होय. भारतात या पद्धतीवर नाव घेऊन बंदी घालणारे कलम प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० मध्ये नाही. मात्र त्या अधिनियमातील ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येत मासेही मोडतात. त्यामुळे भक्ष्य म्हणून दिलेल्या माशाला अनावश्यक वेदना देणे, त्याला विकलांग करणे किंवा केवळ करमणुकीसाठी त्याला दुसऱ्या प्राण्याच्या तोंडी देणे हे गुन्हे ठरू शकतात. नैतिक चर्चेचा भरही ‘गरज’ आणि ‘करमणूक’ यांतील भेदावरच आहे.

स्वरूप

शोभिवंत मासे पाळणाऱ्यांमध्ये ऑस्कर, अरोवाना, फ्लॉवरहॉर्न, अ‍ॅलिगेटर गार आणि मरळ कुळातील मासे हे प्रामुख्याने मांसाहारी म्हणून ओळखले जातात. खाऱ्या पाण्याच्या टाकीत लायनफिश ठेवला जातो. लाल कानाचे विदेशी कासव लहानपणी बरेचसे मांसाहारी असते. वाढत्या वयाबरोबर त्याच्या आहारातील वनस्पतींचे प्रमाण वाढत जाते. अरोवाना आणि फ्लॉवरहॉर्न या माशांशी वास्तुशास्त्र व फेंगशुई यांतील शुभशकुनाच्या कल्पना जोडल्या गेल्याने हे मासे दुकानांतून व कार्यालयांतूनही दिसतात.

या जलचरांपुढे भक्ष्य म्हणून टाकले जाणारे मासे स्वस्त आणि झपाट्याने वाढणारे असतात. लहान गोल्डफिश, गप्पी, मॉली व कार्प कुळातील माशांची पिल्ले यांचा त्यात समावेश होतो. व्यापारात त्यांना ‘फीडर’ म्हणतात. एकच गोल्डफिश एका टाकीत शोभेचा मासा असतो, तर शेजारच्या टाकीत खाद्य म्हणून विकला जातो. किंमत कमी असल्याने फीडर माशांची टाकी सहसा दाटीवाटीची असते आणि त्यांना खाद्य व औषधोपचार क्वचितच मिळतात.

डासांच्या अळ्या, पाणपिसू, ट्युबिफेक्स किडे, आर्टेमिया आणि गांडुळे यांनाही ‘जिवंत खाद्य’ म्हटले जाते. हे सर्व अपृष्ठवंशीय जीव आहेत. प्रस्तुत लेखात मासा हे पृष्ठवंशीय भक्ष्य असलेल्या प्रकाराचा विचार केला आहे. कायदा आणि नीती या दोन्ही दृष्टींनी वाद मुख्यतः त्याच प्रकाराविषयी आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात मासे पाहण्याची गोडी सर्वसामान्यांना लावण्यात मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचा मोठा वाटा आहे. हे मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले आणि राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या अखत्यारीत चालवले गेले. घरात टाकी ठेवण्याचा छंद पुढे शहरांपुरता न राहता जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. मुंबईत कुर्ला येथील शोभिवंत माशांचा बाजार आणि क्रॉफर्ड मार्केट परिसर ही या व्यापाराची परिचित ठिकाणे आहेत. केंद्र सरकारच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत मत्स्यपालनालाही साहाय्य दिले जाते.

छंद पसरला त्या प्रमाणात माशांच्या आहाराचे व निगेचे ज्ञान पसरले नाही. दोन-तीन इंच लांबीचा ऑस्कर घरी आणला की तो वर्षभरात जवळजवळ एक फूट लांबीचा होतो, याची कल्पना अनेकांना नसते. मोठ्या माशाची भूक भागवण्याचा सोपा मार्ग म्हणून फीडर मासे आणले जातात. त्यातच अशा शिकारीची दृश्ये समाजमाध्यमांवर प्रसारित होऊ लागल्याने आहार देण्याच्या कृतीला प्रदर्शनाचे स्वरूप आले. या वळणावर कायद्याचा प्रश्न अधिक टोकदार होतो.

भारतातील कायदेशीर स्थिती

‘प्राणी’ या शब्दाची व्याप्ती

प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम २(ए) नुसार मनुष्याखेरीज कोणताही सजीव प्राणी म्हणजे ‘प्राणी’ होय. ही व्याख्या गुरेढोरे किंवा सस्तन प्राणी यांपुरती मर्यादित नाही. त्यामुळे पाळलेला ऑस्कर आणि त्याच्यापुढे टाकलेला गप्पी हे दोघेही कायद्याच्या दृष्टीने प्राणीच ठरतात. कलम ३ नुसार ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, त्याने त्या प्राण्याच्या सुस्थितीसाठी सर्व वाजवी उपाय करणे आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ न देणे हे त्याचे कर्तव्य आहे. भक्ष्य म्हणून आणलेला मासा टाकीत सोडला जाईपर्यंत तोही मालकाच्याच ताब्यात असतो.

मानवी अन्नासाठीची सूट

मासे मारणे व खाणे कायदेशीर आहे, मग ते दुसऱ्या माशाला देण्यात गैर काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. याचे उत्तर कलम ११(३)(ई) मध्ये आहे. प्राण्याचा अन्नासाठी वध करताना केलेल्या कृतींना या खंडाने सूट दिली आहे. परंतु ती ‘मनुष्याच्या अन्ना’पुरती आहे, आणि तिलाही अनावश्यक वेदना दिलेल्या नसाव्यात अशी अट आहे. पाळीव माशाचे अन्न या सूटीच्या कक्षेत येत नाही. बाजारातील जिवंत मासळी आणि टाकीतील फीडर मासा यांच्यात कायद्याच्या दृष्टीने हा फरक आहे.

याचा अर्थ जिवंत मासा खाऊ घालण्याची प्रत्येक कृती आपोआप गुन्हा ठरते असा नाही. सूट नसली तरी गुन्हा सिद्ध होण्यासाठी कलम ११(१) मधील एखाद्या खंडाचे घटक पूर्ण व्हावे लागतात. पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्न न देणे हाही याच कलमाखालील गुन्हा असल्याने मांसाहारी माशाला त्याचा आहार देणे हे मालकाचे कर्तव्यच ठरते. म्हणून प्रश्न मांसाहाराचा नसून भक्ष्य जिवंत देण्याची आवश्यकता आहे काय, हा आहे.

करमणुकीचा खंड

या विषयाशी सर्वांत निकटचा खंड कलम ११(१)(एम) हा आहे. केवळ करमणुकीच्या हेतूने एखाद्या प्राण्याला दुसऱ्या प्राण्याचे भक्ष्य व्हावे अशा रीतीने कोंडून ठेवणे, तसेच प्राण्यांना झुंजीस उद्युक्त करणे, हे त्यानुसार क्रूरतेचे कृत्य आहे. अभयारण्यात वाघासाठी आमिष म्हणून जनावर बांधण्याचा उल्लेख त्यात स्पष्टपणे केलेला आहे. काचेच्या टाकीतील मासा पळून जाऊ शकत नाही. तेव्हा प्रेक्षक जमवून, पैजा लावून किंवा चित्रफीत काढण्यासाठी मासे टाकले गेले, तर त्या कृतीचा हेतू आहार हा होता की करमणूक, हा निर्णायक मुद्दा बनतो. खंडातील ‘केवळ’ हा शब्द मात्र आरोपीला बचावाची संधी देतो. आपला मुख्य हेतू पाळीव माशाला आहार देणे हाच होता, असे तो म्हणू शकतो.

लागू होऊ शकणारे इतर खंड

फीडर मासा चपळ असल्यास तो लवकर पकडला जावा म्हणून त्याचे पर किंवा शेपटी कापण्याची प्रथा काही पाळणाऱ्यांमध्ये आढळते. प्राण्याला विकलांग करणे हा कलम ११(१)(एल) खालील गुन्हा आहे. हालचालीस पुरेशी जागा नसलेल्या भांड्यात प्राणी कोंडणे आणि वेदना होतील अशा रीतीने त्याची वाहतूक करणे हेही याच कलमात येते. त्यामुळे दाटीवाटीने भरलेल्या फीडर टाक्यांचा प्रश्न दुकानदारांशीही निगडित आहे.

शिक्षा आणि कार्यवाही

कलम ११ खालील पहिल्या अपराधाला किमान १० व कमाल ५० रुपये दंड आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा अपराध घडल्यास २५ ते १०० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १९६० मधील या रकमा आजही बदललेल्या नसल्याने कायद्याचा धाक नाममात्र राहिला आहे, अशी टीका प्राणिप्रेमी संस्था सातत्याने करतात. दंडात मोठी वाढ सुचवणारा दुरुस्ती विधेयकाचा मसुदा केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये जनतेच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला होता.

कार्यवाहीच्या दृष्टीने खंडाखंडांत फरक आहे. कलम ३१ नुसार विकलांग करण्याचा (एल) खंड दखलपात्र आहे, तर करमणुकीचा (एम) खंड त्या यादीत नाही. अदखलपात्र अपराधाचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही. शिवाय कलम ३६ नुसार अपराध घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल करावा लागतो. प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी स्थापन करण्याची तरतूद २००१ च्या नियमांत आहे.

व्यापारावरील नियम

मत्स्यटाक्या व शोभिवंत माशांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारने मे २०१७ मध्ये स्वतंत्र नियम अधिसूचित केले होते. अनेक प्रजातींच्या विक्री-प्रदर्शनावर त्यांत निर्बंध होते. मत्स्यव्यावसायिकांच्या विरोधानंतर हे नियम मागे घेण्यात आले. पाळीव प्राण्यांच्या दुकानांच्या नोंदणीसाठी २०१८ चे नियम आहेत.

काही वेळा भक्षक प्राणी पाळणेच बेकायदेशीर असते. गोड्या पाण्यातील भारतीय मृदुकवची कासव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने ते घरी ठेवता येत नाही. या अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या विदेशी प्रजाती तिच्यामुळे चौथ्या अनुसूचीत आल्या. आशियाई अरोवाना आणि अरापायमा हे मासे अशा प्रजातींत मोडतात व त्यांची नोंदणी करणे पाळणाऱ्यावर बंधनकारक आहे.

न्यायालयीन भूमिका

भारतीय प्राणी कल्याण मंडळ विरुद्ध ए. नागराज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी दिलेला निकाल मूलतः जल्लीकट्टू व बैलगाडा शर्यतींविषयी होता. न्यायालयाने कलम ३ व ११ यांचा अर्थ राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क(छ) शी जोडून लावला. सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे मूलभूत कर्तव्य या अनुच्छेदात सांगितले आहे. करमणूक व प्रदर्शन यांना ‘गरज’ म्हणून कायद्यातील सूट मागता येणार नाही, असे मत न्यायालयाने नोंदवले. भूक-तहान, भीती, अस्वास्थ्य, वेदना व रोग यांपासून मुक्तता आणि नैसर्गिक वर्तनाची मोकळीक या ‘पाच स्वातंत्र्यां’चाही निकालात आधार घेतलेला आहे.

महाराष्ट्रासह तीन राज्यांनी नंतर कायद्यात दुरुस्त्या केल्या. घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी त्या वैध ठरवल्याने विदर्भातील शंकरपटाचाही मार्ग मोकळा झाला. या दुरुस्त्या अशा खेळांपुरत्याच आहेत. माशांसंबंधीच्या तरतुदींना त्यांचा स्पर्श होत नाही.

नैतिक चर्चा

माशांना वेदना होतात काय?

माशांना वेदना होत नाहीत, ही समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. ब्रिटिश शास्त्रज्ञ लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ट्राउट माशांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. माशाच्या डोक्याच्या भागात इजा जाणणारे चेतातंतू असल्याचे त्यांतून दिसले. ओठांत मधमाशीचे विष किंवा आम्ल टोचल्यावर माशांचे खाणे थांबले, श्वसन वाढले आणि काहींनी ओठ तळातील खड्यांवर घासले. व्हिक्टोरिया ब्रेथवेट यांनी २०१० मधील आपल्या पुस्तकात हा विषय सर्वसामान्य वाचकांपुढे मांडला. याउलट, वेदनेच्या जाणिवेसाठी आवश्यक असलेले प्रमस्तिष्क बाह्यक माशांच्या मेंदूत नसते. म्हणून दिसते ती केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असते, असा आक्षेप जेम्स रोझ व ब्रायन की यांनी घेतला आहे. वाद मिटलेला नसला तरी शंकेचा फायदा माशाला द्यावा, असा प्राणिकल्याण क्षेत्रातील कल आहे.

समर्थनाचे युक्तिवाद

निसर्गात मोठा मासा लहान माशाला खातो आणि एक जीव दुसऱ्या जीवाचे अन्न असतो, हा समर्थकांचा पहिला युक्तिवाद आहे. शिकारीमुळे टाकीतील भक्षकाला व्यायाम व चेतना मिळते, असे दुसरे समर्थन आहे. पाच स्वातंत्र्यांतील नैसर्गिक वर्तनाचे स्वातंत्र्य त्याच्या बाजूने मांडता येते. काही प्रजाती, विशेषतः नुकत्याच पकडून आणलेल्या, सुरुवातीस हलते भक्ष्यच स्वीकारतात. त्यांना उपाशी ठेवणे हीसुद्धा क्रूरताच ठरेल, असेही म्हटले जाते.

विरोधाचे युक्तिवाद

विरोधकांच्या मते टाकी म्हणजे निसर्ग नव्हे. नदीत भक्ष्याला पळण्याची व लपण्याची संधी असते आणि भक्षकाची शिकार अनेकदा हुकते. बंद टाकीत भक्ष्याची सुटका अशक्य असते. भक्षकाचे पोट भरलेले असेल तर जखमी मासा तासन्‌तास तसाच राहतो. भक्षकाला तेथे आणणारा, भक्ष्य निवडणारा आणि दोघांना एकत्र ठेवणारा माणूसच असल्याने जबाबदारीही त्याचीच असते. एकाचे नैसर्गिक वर्तनाचे स्वातंत्र्य जपताना दुसऱ्याचे भीती व वेदना यांपासूनचे स्वातंत्र्य पूर्णतः हिरावले जाते, हा या प्रश्नातील खरा पेच आहे. मृत आहारावर जगू शकणाऱ्या माशाच्या बाबतीत तो सहज सुटतो, कारण तेथे जिवंत भक्ष्याची गरजच उरत नाही.

भारतीय परंपरेतील ‘मत्स्यन्याय’ ही संज्ञा येथे लक्षणीय आहे. मोठ्या माशाने लहान माशाला गिळावे तशी बलवानाने दुर्बलाला गिळण्याची अवस्था असा तिचा अर्थ आहे. महाभारत व कौटिल्याचे अर्थशास्त्र या ग्रंथांत ती अराजकाचे वर्णन म्हणून येते. ही अवस्था टाळण्यासाठीच राजा व दंड यांची आवश्यकता सांगितली आहे. निसर्गात जे घडते ते माणसाच्या वर्तनाचे प्रमाण होऊ शकत नाही, हा विचार या संज्ञेत अनुस्यूत आहे.

वर्धा जिल्हा आणि अहिंसाविचार

वर्धा जिल्ह्याला अहिंसाविषयक चिंतनाची पार्श्वभूमी आहे. महात्मा गांधी १९३६ पासून सेवाग्राम येथे राहू लागले. आश्रमात निघणारे साप न मारता पकडून दूर सोडण्यासाठी वापरला जाणारा चिमटा व पेटी तेथे जतन केलेली आहे. त्यापूर्वी १९२८ मध्ये साबरमती आश्रमात असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या वासराला गांधींच्या संमतीने मरण देण्यात आले आणि त्यावरून देशभर वादळ उठले. वेदनेतून सोडवण्यासाठी मारणे ही हिंसा नव्हे, कृतीमागील हेतू महत्त्वाचा, अशी गांधींची भूमिका होती. आहारासाठी आवश्यक मृत्यू आणि पाहण्यासाठी घडवलेला मृत्यू यांत भेद करताना हेतूची हीच कसोटी उपयोगी पडते. वर्धा शहरालगत पीपल फॉर अ‍ॅनिमल्स या संस्थेचे करुणाश्रम हे प्राणी उपचार व पुनर्वसन केंद्र कार्यरत आहे.

गप्पी माशाचे उदाहरण विदर्भातील वाचकांना जवळचे आहे. हिवताप व डेंग्यू यांच्या नियंत्रणासाठी आरोग्य विभाग डबकी, टाकी व विहिरींत गप्पी मासे सोडतो. तेथे गप्पी डासांच्या जिवंत अळ्या खातो आणि त्या भक्षणाचा हेतू सार्वजनिक आरोग्य हा असतो. मत्स्यटाकीत तोच गप्पी स्वतः भक्ष्य बनतो. जिवंत खाद्य दोन्हीकडे आहे. फरक आवश्यकतेचा आणि पर्यायाच्या उपलब्धतेचा आहे.

आरोग्य व पर्यावरण

जिवंत मासे हा पाळीव माशासाठीही सर्वांत सुरक्षित आहार नव्हे. गोल्डफिशसह कार्प कुळातील अनेक माशांत थायमिनेज हे विकर असते. ते जीवनसत्त्व ब-१ नष्ट करते; दीर्घकाळ केवळ असाच आहार दिल्यास भक्षकात त्या जीवनसत्त्वाची कमतरता होऊन चेतासंस्थेचे विकार उद्भवतात. मासे गोठवल्याने हे विकर नष्ट होत नाही. फीडर माशांबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, लर्निया हा बाह्य परजीवी व आतड्यातील कृमी टाकीत येऊ शकतात. माशांतील एका प्रकारच्या मायकोबॅक्टेरियाचा संसर्ग हाताच्या जखमेवाटे माणसालाही होतो.

पोसणे अशक्य झालेले मोठे मासे जलाशयात सोडून देण्याची प्रवृत्ती अधिक घातक आहे. उजनी जलाशयात सकर मासा आढळला आहे, तर २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अ‍ॅलिगेटर गार सापडला. देवळी तालुक्याच्या परिसरातील वर्धा व यशोदा या नद्यांत किंवा गावतलावांत असे मासे शिरल्यास स्थानिक माशांबरोबरच मासेमारीवर जगणाऱ्या ढीवर-भोई कुटुंबांच्या उपजीविकेलाही धोका पोहोचू शकतो. उरलेले फीडर मासे ओढ्यात सोडणे ही दया ठरत नाही.

इतर देशांतील तरतुदी

स्वित्झर्लंडच्या २००८ च्या प्राणी संरक्षण अध्यादेशात याविषयी थेट तरतूद आहे. जिवंत भक्ष्य देताना शिकार यशस्वी होण्याची खात्री हवी. त्याखेरीज प्राणी मृत आहार स्वीकारत नसला पाहिजे, किंवा त्याला निसर्गात सोडण्याची योजना असली पाहिजे, किंवा भक्ष्य व भक्षक एकाच आवारात राहत असून ते आवार भक्ष्यासाठीही योग्य असले पाहिजे. जर्मनीच्या कायद्यात सयुक्तिक कारणाशिवाय प्राण्याला वेदना देण्यास मनाई आहे. अमेरिकेच्या संघीय प्राणी कल्याण अधिनियमात उष्ण रक्ताचे प्राणीच येत असल्याने मासे त्याच्या कक्षेबाहेर राहतात. या तुलनेत भारतीय कायद्यातील व्याख्या अधिक व्यापक आहे. शिक्षा मात्र क्षुल्लक आहे.

पर्यायी आहार

टाकीत पाळले जाणारे बहुतेक मांसाहारी मासे मृत आहारावर वाढवता येतात. गोठवून वितळवलेली कोळंबी, माशांचे तुकडे, गांडुळे व प्रथिनयुक्त गोळीखाद्य हे प्रचलित पर्याय आहेत. जिवंत भक्ष्याची सवय लागलेल्या निरोगी, प्रौढ माशाला एक-दोन दिवस खाद्य न देता नंतर चिमट्यात धरलेला मृत मासा पाण्यात हलवून दाखवल्यास तो हळूहळू त्याला तोंड लावतो. पिल्लांना व आजारी माशांना असे उपाशी ठेवू नये. बदल टप्प्याटप्प्याने केल्यास बहुतेक मासे काही आठवड्यांत गोळीखाद्यही स्वीकारतात. मासा खरेदी करण्यापूर्वीच त्याची पूर्ण वाढ, आहार आणि लागणाऱ्या टाकीचा आकार यांची माहिती घेणे हा सर्वांत परिणामकारक उपाय मानला जातो.